तेरा आठवड्यांचे बिऱ्हाड

अमेरिकेतील ट्रॅव्हल नर्सचे काँट्रॅक्ट साधारणपणे १३ आठवड्यांचे असते. आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे ३६ तास. काही ठिकाणी चार पाळ्या. एखाद्या रुग्णालयातल्या दोन नर्स एकदमच बाळंतपणाच्या रजेवर जातात. हिवाळा सुरू झाला की उत्तरेकडचे वृद्ध फ्लोरिडा आणि ॲरिझोनात मुक्कामाला येतात आणि तिथले वॉर्ड भरून जातात. कुठे नवी संगणक प्रणाली बसवायची असते आणि कायमचे कर्मचारी प्रशिक्षणात अडकतात. कुठे गावच इतके लहान असते, की जाहिरात देऊनही कोणी येत नाही. ही उणीव भरून काढायला रुग्णालय एजन्सीकडे मागणी नोंदवते, एजन्सीचा रिक्रूटर नर्सला फोन करतो, आणि दोन-तीन आठवड्यांत ती नर्स हजार मैलांवरच्या अनोळखी गावात पहिल्या पाळीला हजर होते. मुदत संपली की तिथेच मुदतवाढ घ्यायची, नाहीतर पुढच्या गावाची वाट धरायची.

या कामात बरीच वर्षे काढलेल्या नर्सना त्याचे फायदे विचारले, तर पहिले उत्तर पैशाचे येते. बोलणे थोडे वाढले, की विषय घराकडे वळतो. कोणत्या गावी खोली मनासारखी मिळाली, कुठे घरमालकीण जीव लावणारी होती, कुठे खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे तीन महिने धड झोप झाली नाही. त्यामागे कारण आहे. रात्रपाळी करून सकाळी आठ वाजता परतलेल्या नर्सला दिवसा सहा-सात तास झोप मिळाली नाही, तर काही आठवड्यांतच तिचे लक्ष ढळू लागते, आणि तिच्या हातात तर इन्सुलिन असते, हेपॅरिन असते. ट्रॅव्हल नर्सिंगचे फायदे खरे आहेत, मोठे आहेत. पण राहण्याची सोय नीट लागली तरच ते पदरात पडतात. म्हणून जागेचा विचार हा काँट्रॅक्टच्या विचाराइतकाच महत्त्वाचा मानावा लागतो.

एके काळी अमेरिकेत नर्सच्या निवाऱ्याची जबाबदारी रुग्णालयच घेत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नर्सिंगच्या शाळा बहुतांशी रुग्णालयांना जोडलेल्या होत्या आणि विद्यार्थिनी आवारातल्या नर्सेस होममध्ये राहत. महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात नर्सिंगच्या मुलींचे वसतिगृह आजही असते, तशीच ती व्यवस्था होती. पुढे अमेरिकेत हे शिक्षण महाविद्यालयांकडे आणि विद्यापीठांकडे गेले, नर्सेस होम एकेक करून बंद पडली आणि नर्सने कुठे राहायचे हा तिचा खासगी प्रश्न झाला. ट्रॅव्हल नर्सिंगची सुरुवात न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा उत्सवाच्या गर्दीसाठी १९७८ च्या सुमारास बाहेरून मागवलेल्या नर्सपासून झाली, असे या क्षेत्रात सांगितले जाते. ते काहीही असो. बाहेरून माणूस बोलवायचा तर त्याच्या राहण्याचे काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच या पद्धतीला चिकटलेला आहे.

त्याचे उत्तर दोन प्रकारांनी दिले जाते. एक तर एजन्सी स्वतः सामानसुमान असलेले घर घेऊन देते, नाहीतर घरभाडे आणि जेवणखाण यांसाठी भत्ता देते, ज्याला सगळे स्टायपेंड म्हणतात. पूर्वी एजन्सीच्या घराची पद्धत जास्त होती. आता बहुसंख्य नर्स स्टायपेंड घेतात आणि जागा स्वतः शोधतात. त्यात दोन पैसे वाचतात, हे उघड आहे. पण पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या नर्सने एजन्सीचे घर घेतले, तर त्यात कमीपणा काही नाही. नवे रुग्णालय, नवे गाव आणि नवे घर अशा तिन्ही आघाड्या एकदम सांभाळण्यापेक्षा एक तरी दुसऱ्याच्या माथी टाकलेली बरी.

पगाराची रचना समजून घेतल्याशिवाय या कामाचा हिशेब लागत नाही. समजा, रिक्रूटरने आठवड्याला २,२०० डॉलर सांगितले. त्यात तासाला ३० डॉलरप्रमाणे ३६ तासांचे १,०८० डॉलर करपात्र वेतन असते आणि उरलेले १,१२० डॉलर स्टायपेंड. स्टायपेंडवर कर नाही, म्हणून कायम नोकरीतल्या तेवढ्याच पगारापेक्षा हातात जास्त पडते. मात्र ही करमाफी सरसकट मिळत नाही. अमेरिकी करखात्याच्या नियमानुसार नर्सचे कुठेतरी खरेखुरे कायमचे घर असावे लागते, ज्याला टॅक्स होम म्हणतात. तिथला खर्च चालू असताना कामाच्या गावी दुसरा खर्च करावा लागतो, म्हणून त्या दुसऱ्या खर्चाची भरपाई करमुक्त धरली जाते. आईवडिलांच्या पत्त्यावर पत्रे येतात, पण तिथे ना भाडे दिले जाते, ना वर्षभरात पाऊल पडते, अशी स्थिती असेल तर करखात्याच्या दृष्टीने ती नर्स फिरस्ती ठरते आणि तिचे सगळे स्टायपेंड करपात्र होते. शिवाय एकाच ठिकाणचे काम एक वर्षापेक्षा जास्त चालणार हे दिसू लागले, की ते गाव तात्पुरते राहत नाही. घरापासून ५० मैलांपलीकडे गेले की स्टायपेंड आपोआप करमुक्त, अशी एक समजूत वॉर्डावॉर्डांत फिरत असते. ते ५० मैल रुग्णालये आणि एजन्सी आपापल्या सोयीने ठरवतात. करखात्याचा तसा नियम नाही. या एका समजुतीपायी अनेकींना नंतर दंडव्याजासह कर भरावा लागला आहे.

करपात्र वेतन कमी दाखवण्याची दुसरी बाजू रिक्रूटर फारशी बोलून दाखवत नाही. अमेरिकेतले सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या करपात्र वेतनावरून ठरते. स्टायपेंड त्यात धरले जात नाही. घरकर्ज मागायला गेल्यावर बँक दोन वर्षांचे उत्पन्न पाहते, तेव्हाही हाच आकडा आड येतो. ओव्हरटाइमच्या बाबतीत कॅलिफोर्नियातून गेलेल्या एका खटल्यात २०२१ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. स्टायपेंड जर कामाच्या तासांनुसार कमी-जास्त होत असेल, तर ते प्रत्यक्षात वेतनच आहे आणि ओव्हरटाइमचा दर काढताना ते धरले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या काँट्रॅक्टमध्ये पाळी बुडाली की स्टायपेंड कापले जाते का, हे वाचून पाहण्याची सवय बऱ्याच जणींना त्यानंतर लागली. ती चांगली सवय आहे.

परवान्याचा भाग तुलनेने सोपा झाला आहे. नर्सचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. २००० साली काही मोजक्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानण्याचा करार केला. २०१८ च्या जानेवारीपासून त्याची सुधारित आवृत्ती लागू झाली आणि आज सुमारे चाळीस राज्ये त्यात आहेत. करारातल्या राज्यात कायम वास्तव्य असलेल्या नर्सला एका परवान्यावर या सगळ्या राज्यांत काम करता येते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय मात्र बाहेर आहेत. तिथे वेगळा अर्ज, वेगळी फी आणि अनेक आठवड्यांची वाट पाहणे आले. कॅलिफोर्नियात कधीतरी जायचेच असे मनात असेल, तर काँट्रॅक्ट समोर येण्याची वाट न पाहता परवाना आधीच काढून ठेवणाऱ्या नर्स शहाण्या.

नव्या रुग्णालयातला पहिला दिवस सगळ्यांचा जवळपास सारखाच जातो. सकाळी ओळखपत्र आणि पार्किंगचा पास, मग संगणकावर नोंदी करण्याचे प्रशिक्षण. कुठे एपिक, कुठे सर्नर, कुठे मेडिटेक. दुसऱ्या दिवशी एखाद्या कायम नर्सबरोबर एक पाळी, क्वचित दोन, आणि तिसऱ्या दिवसापासून स्वतःचे रुग्ण. कायम नोकरीत नव्या नर्सला अनेक आठवडे हाताशी धरून शिकवतात. ट्रॅव्हल नर्सकडून मात्र ती आल्या दिवसापासून तयार असावी अशीच अपेक्षा असते. म्हणूनच एजन्सी किमान एक-दोन वर्षांचा वॉर्डचा अनुभव मागतात, आणि हा अनुभव नसताना कोणी बाहेर पडू नये.

मुरलेली नर्स वॉर्डात शिरते तेव्हा आधी काय पाहते, हे बघण्यासारखे असते. क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची आणि उपकरणांची गाडी, कुठे आहे आणि तिच्यावरचे सील शाबूत आहे का. ऑक्सिजन बंद करण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठल्या भिंतीवर आहे. औषधांच्या कपाटाचा, म्हणजे पिक्सिस किंवा ऑम्निसेलचा, संकेत मिळाला आहे का. आपत्काळात कुठला नंबर फिरवायचा. हृदय बंद पडले की कोड ब्लू, हे जवळजवळ सगळीकडे सारखे. पण बाकीचे रंग रुग्णालयागणिक बदलतात. कोड ग्रे म्हणजे एका ठिकाणी अंगावर धावून येणारा माणूस, तर दुसऱ्या ठिकाणी वादळाचा इशारा. हे सगळे ती खिशातल्या छोट्या वहीत टिपून ठेवते. प्रत्येक रुग्णालयाला एक पान. फार्मसीचा नंबर, रक्तपेढीचा नंबर, रात्रीच्या सुपरवायझरचा नंबर, आणि पानाच्या तळाशी दरवाजांचे संकेत. काँट्रॅक्ट संपल्यावर ते पान फाडून ती त्याचे तुकडे करते, कारण त्यातली माहिती बाहेर जाऊ नये.

कायम कर्मचाऱ्यांचे वागणे हा नव्या जागेतला सर्वांत अवघड भाग. माणसे कमी पडली म्हणून ट्रॅव्हल नर्स बोलावली जाते, तरी तिला जास्त पैसे मिळतात ही सल शेजारच्या टेबलावर बसलेलीच असते. दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडला, की फ्लोट व्हायला, म्हणजे तिथे जायला, पहिला नंबर तिचा लागतो. काही वेळा सर्वांत जड रुग्णही तिच्याच वाट्याला येतात. यातून वाट दोन गोष्टींनी निघते, आणि त्या अनेक जणींनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितल्या आहेत: पहिल्या पंधरा दिवसांत कोणालाही "आमच्या तिकडे असे करतात" म्हणायचे नाही, आणि शेजारच्या खोलीत घंटा वाजली की आपला रुग्ण नसला तरी उठून जायचे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक वॉर्ड विरघळतात. काही विरघळत नाहीत. तिथे तेरा आठवड्यांची मुदत हा दिलासा असतो. कायम नोकरीत तसल्या वातावरणात वर्षे काढावी लागतात.

हळूहळू जमत जाणारे कौशल्य हा या कामाचा सर्वांत टिकाऊ लाभ. कॅलिफोर्नियात १९९९ साली झालेल्या आणि २००४ पासून अमलात आलेल्या कायद्याने प्रत्येक नर्सकडे किती रुग्ण असावेत हे ठरवून दिले आहे: आयसीयूत दोन, सर्वसाधारण मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. हे प्रमाण जेवणाच्या सुटीतही पाळावे लागते, म्हणून सुटीत रुग्ण सांभाळायला वेगळी नर्स नेमतात. दक्षिणेकडच्या राज्यांत सात-सात, आठ-आठ रुग्ण सांभाळून आलेल्या एका नर्सला तिथे पहिल्या पाळीत कोणी तरी येऊन "आता अर्धा तास तू जा" असे म्हणाले, तेव्हा तिला काय करावे हे सुचेना. पाच रुग्ण असले की प्रत्येकाच्या पायाची सूज रोज पाहता येते, घरी जाताना औषधे कशी घ्यायची हे नातेवाइकांना दोनदा समजावता येते, हे तिने तिथे अनुभवले. पुढे ती परत दक्षिणेत गेली, तिथले प्रमाण काही बदलले नाही. पण कामात कशाला पहिला वेळ द्यायचा, हा तिचा क्रम कायमचा बदलला.

याच्या उलट शिक्षण खेड्यातल्या लहान रुग्णालयांत मिळते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटलमध्ये जास्तीत जास्त २५ खाटा असतात आणि जवळचे दुसरे रुग्णालय सहसा ३५ मैलांपेक्षा दूर असते. अशा जागी रात्री एकच डॉक्टर आणि दोन-तीन नर्स. हृदयविकाराचा झटका आलेला शेतकरी, अंगात ताप मुरलेले बाळ आणि वृद्धाश्रमातून आलेली आजी एकाच रात्री, एकाच नर्सकडे. मोठ्या शहरातल्या आयसीयूत सगळी यंत्रे हाताखाली असलेल्या नर्सला इथे हेलिकॉप्टर येईपर्यंतचा दीड तास रुग्ण स्थिर ठेवावा लागतो. पुस्तकात वाचलेले हाताला लागते ते इथे. असे एक तरी काँट्रॅक्ट प्रत्येकीने करावे.

आता जागेविषयी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे या नर्सचे बिऱ्हाड गाडीच्या डिकीत मावते: दोन बॅगा, स्वतःची उशी, एक कुकर किंवा मोठे पातेले, युनिफॉर्मचे चार-पाच जोड आणि वॉर्डात घालायच्या बुटांचे दोन वेगळे जोड. घर फर्निश्ड हवे. भाडे महिन्याच्या बोलीवर हवे. रुग्णालय वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा लांब नको, कारण बारा तास उभे राहिल्यानंतर पहाटेच्या धुक्यात तासभर गाडी हाकणे धोक्याचे आहे. रात्रपाळीहून परतताना डुलकी लागून गाडी रस्त्याबाहेर गेल्याच्या हकिकती प्रत्येक वॉर्डात ऐकायला मिळतात. घरातच वॉशिंग मशीन असावे, म्हणजे युनिफॉर्म लगेच धुता येतो. आणि झोपायच्या खोलीला प्रकाश पूर्ण अडवणारे पडदे असावेत. ते नसतील तर अनुभवी नर्स काचेला ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवते. ओल्या कपड्याने काच पुसायची, फॉइल चापून बसवायची, कडांना टेप लावायची. दहा मिनिटांत भरदुपारी काळोख.

अशी जागा देणारे घरमालकही आता तयार झाले आहेत. फर्निश्ड फाइंडरसारख्या संकेतस्थळांवर नर्सना डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली घरे असतात. बऱ्याच शहरांनी ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्यावर निर्बंध आणले आहेत. न्यूयॉर्क शहरात २०२३ च्या सप्टेंबरपासून त्यांची कडक अंमलबजावणी सुरू झाली. पर्यटकांना दोन-चार रात्री खोली देणे अवघड झाल्यावर अनेक मालकांना तीन महिने राहणारा, रात्री कामावर आणि दिवसा झोपलेला, पगार बांधलेला भाडेकरू सोयीचा वाटू लागला. मुले मोठी होऊन निघून गेली आणि मागे दोन खोल्या रिकाम्या राहिल्या, अशी एकटी वृद्ध घरमालकीण हा तर या व्यवस्थेतला सर्वांत सुखाचा योग. तिला सोबत मिळते, भाड्यातून घरपट्टी सुटते, आणि नर्सला गावची माहिती मिळते.

त्या माहितीची किंमत अलास्कात कळते. फ्लोरिडात वाढलेली एक नर्स हिवाळ्यात फेअरबँक्सला गेली. तिथे पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो. गाडीच्या इंजिनला हीटर बसवून घ्यावा लागतो आणि गाडी उभी करताना त्याची वायर विजेच्या प्लगला लावावी लागते. रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये असे प्लग असतात. हे तिला घरमालकिणीने पहिल्या संध्याकाळी अंगणात उभे राहून, हातमोजे घालून, वायर कशी गुंडाळायची इथपर्यंत दाखवले. तसे झाले नसते, तर पहिल्याच रात्रपाळीनंतर सकाळी गाडी चालू झाली नसती. उन्हाळ्यात तिथेच उलट अडचण येते: मध्यरात्रीही उजेड असतो, आणि फॉइल पुन्हा बाहेर काढावी लागते.

कोलोरॅडोतल्या स्कीइंगच्या गावांत पैसे असूनही जागा मिळत नाही, कारण सगळी घरे सुटीवर येणाऱ्या श्रीमंतांची. तिथली काही रुग्णालये कर्मचाऱ्यांसाठी स्वतःची घरे बाळगतात, आणि काँट्रॅक्टची बोलणी करताना त्यातली एखादी खोली मिळेल का हे आधी विचारावे. काही नर्स आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतात. दर खेपेला जागा शोधण्याची यातायात वाचते. पण गाडी लावण्याच्या जागेचे भाडे, गॅस, पाणी आणि दुरुस्ती हे सगळे अंगावर येते. जोडीदार आणि कुत्रा बरोबर असणाऱ्यांना ते परवडते. एकट्या नर्सला बहुधा नाही.

फसवणूक हा या क्षेत्रातला मोठा रोग आहे. गरज घाईची, गाव दूरचे, जागा प्रत्यक्ष पाहणे अशक्य. ठगाला यापेक्षा वेगळे काय हवे? सुंदर फोटो, बाजारापेक्षा थोडे कमी भाडे, मालक परदेशी असल्याचे कारण आणि डिपॉझिट आजच पाठवा हा तगादा. एक नर्स दोन दिवस गाडी चालवून पत्त्यावर पोचली, तर दार उघडणाऱ्या कुटुंबाला असल्या जाहिरातीची गंधवार्ता नव्हती. फोटो त्यांनी घर विकत घेतले तेव्हाच्या जुन्या जाहिरातीतले होते. पहिले तीन दिवस तिने मोटेलमध्ये काढले आणि त्याच आठवड्यात पाळीला हजर राहिली. म्हणून मालकाला व्हिडिओ कॉलवर घरभर फिरायला लावावे, घर त्याच्याच नावावर आहे हे काउंटीच्या नोंदींत तपासावे, आणि पैसे परत मिळवता येणार नाहीत अशा मार्गाने एक डॉलरही पाठवू नये. पहिला आठवडा आठवड्याच्या दराने मिळणाऱ्या एक्सटेंडेड-स्टे हॉटेलात काढून, जागा डोळ्यांनी पाहून घेतली, तर थोडे पैसे जास्त जातात; ते वाया गेले असे समजू नये.

काँट्रॅक्ट रद्द होणे हा दुसरा धक्का. रुग्ण कमी झाले, अंदाजपत्रक आटले, किंवा कायम नर्स रजेवरून लवकर परतली, की रुग्णालय आठवडा-दोन आठवड्यांच्या सूचनेवर, कधी त्याहूनही कमी मुदतीत, काम थांबवते. एका नर्सचे काम पाचव्या आठवड्यात थांबले आणि घराचा करार तीन महिन्यांचा होता. उरलेले भाडे तिने पदरचे भरले. तेव्हापासून ती घराच्या करारात एक ओळ घालून घेते: रुग्णालयाने काम थांबवल्यास ३० दिवसांच्या सूचनेवर घर सोडता येईल. नर्सना घर देण्यात मुरलेले मालक ही ओळ मान्य करतात. न करणाऱ्याचे घर सोडून द्यावे. एजन्सीच्या काँट्रॅक्टमध्येही आठवड्याचे किमान किती तास भरून मिळतील हे लिहिलेले असले पाहिजे, नाहीतर रुग्ण कमी असल्याच्या दिवशी घरी पाठवले की पगारही जातो आणि भाडे मात्र चालूच राहते. आरोग्यविम्याचेही तसेच. दोन काँट्रॅक्टच्या मधल्या काळात विमा खंडित होतो. कोब्रा नावाच्या कायद्याने तो चालू ठेवण्याचा निर्णय घ्यायला ६० दिवस मिळतात आणि हप्ता भरल्यास तो मागील तारखेपासून लागू होतो. दोन महिन्यांपेक्षा छोटी सुटी घेणाऱ्या नर्सना हे माहीत असले, की मधला काळ निर्धास्त जातो.

२०२० च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये कोविडने हाहाकार माजवला तेव्हा देशभरातून ट्रॅव्हल नर्स तिकडे धावल्या. आठवड्याला दहा हजार डॉलरपर्यंत काँट्रॅक्ट निघाली, आणि या कामाकडे पैशाची खाण म्हणून पाहण्याची दृष्टी तेव्हापासून पसरली. त्या काळात रिकाम्या पडलेल्या हॉटेलांत नर्सना ठेवले होते. दिवसभराचे मृत्यू पाहून खोलीवर यायचे, युनिफॉर्म दाराशीच पिशवीत भरायचा, आणि पलंगावर एकटे बसायचे. तिथून परतलेल्या अनेकींनी कमावलेले पैसे खर्च केले आणि नर्सिंग सोडले. २०२२ मध्ये दर कोसळले. ज्यांनी त्या दरांच्या भरवशावर मोठी घरे आणि मोठ्या गाड्या घेतल्या होत्या, त्यांना जड गेले. त्या दोन वर्षांच्या दरांवरून या कामाचे गणित कोणीही मांडू नये.

संपाच्या काँट्रॅक्टविषयी प्रत्येकीला स्वतःचे मत ठरवावे लागते. कामगार कायद्यात १९७४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आरोग्यसेवेतल्या संघटनांना संपाची सूचना दहा दिवस आधी द्यावी लागते. तेवढ्या अवधीत एजन्सी बदली नर्स गोळा करतात आणि त्यांना भरपूर पैसे, विमान, हॉटेल सगळे देतात. रुग्णांना वाऱ्यावर सोडता येत नाही हे खरे. पण बाहेर फलक घेऊन उभ्या असलेल्या नर्स बहुधा प्रत्येक नर्सकडे कमी रुग्ण असावेत यासाठीच भांडत असतात, आणि त्या जिंकल्या तर त्याचा लाभ पुढे येणाऱ्या ट्रॅव्हल नर्सलाही होतो.

महाराष्ट्रातून गेलेल्या नर्ससाठी हा रस्ता थोडा उशिरा उघडतो. परवान्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा, पात्रतेची छाननी करणारे व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र आणि नोकरीवर आधारित ईबी-३ व्हिसाची लांबलेली रांग पार करून ती पोचते तेव्हा तिला आणणाऱ्या संस्थेशी बहुधा दोन-तीन वर्षांचा करार असतो. तो पुरा होईपर्यंत तिने वॉर्डात पाय रोवावेत, गाडी चालवण्याचा हात बसवावा, बर्फात एक हिवाळा काढावा. मग बाहेर पडावे. ग्रीनकार्ड असेपर्यंत दर वेळी पत्ता बदलला, की दहा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते. तेरा आठवड्यांनी घर बदलणाऱ्या नर्सला हे विसरून चालत नाही. नागरिकत्वासाठीही ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथे तीन महिन्यांचे वास्तव्य दाखवावे लागते, तेव्हा अर्जाच्या आधीचे काँट्रॅक्ट विचार करून घ्यावे. बहुतेक मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत. खोलीची चौकशी तिथे केली, तर फसवणुकीचा धोका कमी होतो आणि गणपतीच्या दिवसांत एकटे जेवायची वेळ येत नाही.

लहान मुलांची आई, आजारी आईवडिलांची एकुलती एक मुलगी, किंवा ज्यांना रोज तीच माणसे दिसली की बरे वाटते अशा नर्स यांनी या वाटेला जाऊ नये. कायम नोकरीत त्या अधिक सुखी राहतील. बाकीच्यांनी निदान दोन-तीन काँट्रॅक्ट जरूर करावीत. पहिले काँट्रॅक्ट घरापासून एका दिवसाच्या अंतरावरचे घ्यावे, सही करण्यापूर्वी त्या गावातली भाडी पाहावीत, काँट्रॅक्ट हातात पडल्याशिवाय घराच्या करारावर सही करू नये, आणि बाहेर पडताना तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे बँकेत ठेवावेत.